घंटेपाशी पाठमोरे

धुंडीकाकांची पाठ मी त्यांच्या चेहऱ्याच्या आधी पंधरा दिवस पाहिली.

आमची पुण्यातली कंपनी जुन्या टेपांचे संग्रह विकत घेते, त्या साफसूफ करून संगणकावर चढवते आणि पुढे चॅनेलवाल्यांना देते. बनारसची एक कुस्तीची कंपनी दिवाळखोरीत निघाली होती. आखाड्यातली खरी कुस्ती नव्हे. रोषणाई, भडक कपडे, मुखवटे, आणि कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं, अशी केबलवर दाखवायची कुस्ती. त्या भागात एके काळी तिचं भलतंच वेड होतं म्हणे. कोर्टाने नेमलेल्या साहेबांनी कंपनीचा माल विक्रीला काढला: टेपा, रिंग, मुखवटे, कपडे, सगळंच. त्यांनी नमुन्याच्या दहा टेपा आम्हाला पाठवल्या आणि त्या बघायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला हिंदी बरं येतं अशी ऑफिसात एक अफवा होती.

दहाही टेपांत एक गोष्ट सारखी होती. रिंगच्या डाव्या कोपऱ्याशी एक लहान टेबल, त्यावर शाळेत असते तशी पितळेची जाड थाळीसारखी घंटा, आणि तिच्यासमोर कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलेला एक माणूस. करडा स्वेटर, गळ्याभोवती उपरणं, मागे बोटभर शेंडी. लोक खुर्च्या फेकायचे, पैलवान त्याच्या टेबलावर येऊन आदळायचे, पण तो इंचभर वळायचा नाही. वेळ झाली की लाकडी हातोडी वर जायची, तीन टोले पडायचे, हातोडी खाली. दहा टेपांत मिळून मला त्याचा एक कान तेवढा दिसला.

व्यवहार ठरला आणि मोजदाद करून माल ताब्यात घ्यायला मी काशीला गेले. थंडी नुकती सुरू झाली होती. कंपनीचं गोदाम शिंदे घाटाच्या मागच्या गल्लीत होतं, आणि गल्ली इतकी अरुंद की समोरून म्हैस आली तर वाद न घालता मागे जायचं. कोर्टाच्या साहेबांनी कुलूप उघडलं, कागदांवर माझ्या सह्या घेतल्या, म्हणाले, "बाकी सब गुरू बताएँगे," आणि निघून गेले. आत पिवळ्या दिव्याखाली तोच करडा स्वेटर पाठमोरा बसला होता. मी दोनदा खाकरले. ते वळले तेव्हा मला उगाचच दचकायला झालं. चेहरा अगदी साधा होता, गोल चष्मा लावलेल्या शाळामास्तरासारखा.

"पुणेवाल्या ताई का? बसा. आधी चहा घेऊन टाका, मग काम. इथे जल्दी कोणालाच नाही."

इतकं शुद्ध आणि इतकं निराळं मराठी मी पहिल्यांदाच ऐकत होते. धुंडिराज सप्रे, राहायला बालाजी घाटामागे. पाच-सहा पिढ्यांपूर्वी घराणं कोकणातून काशीला आलं ते इथलंच झालं. वडील, आजोबा तीर्थोपाध्याय. यात्रेकरूंची कुळं वह्यांत लिहायची, कोण कोणाचा नातू, कोण कधी गंगेवर आला, हे चार-चार पिढ्यांचं सांगायचं. धुंडीकाकांच्या वाट्याला यजमान फारसे उरले नाहीत. मग आवाज चांगला म्हणून कुस्तीच्या कंपनीत पुकारा करायला गेले आणि तिथे आवाज बसला म्हणून घंटेपाशी बसवले गेले. शेवटी टेपा सांभाळायलाही तेच. अख्खा बनारस त्यांना घंटी गुरू म्हणायचा. लग्न केलं नव्हतं. थोरल्या भावाच्या घरात राहायचे. भाऊ गेलेले, वहिनी आणि पुतणे होते, आणि पुतणे घरात सगळं हिंदीत बोलत.

माझ्या लॅपटॉपवर यादी तयार होती: टेप क्रमांक, वर्ष, लांबी, कोण विरुद्ध कोण, निकाल. धुंडीकाकांची यादी लाल कापडात बांधलेल्या लांबोळक्या वहीत होती. तिच्यात गाव होतं, कूळ होतं, बापाचं नाव, आजाचं नाव, आणि समोर टेपांची संख्या. वर्ष कुठेच नव्हतं.

"वर्ष कशाला?" ते म्हणाले. "माणूस गावाचा असतो. वर्षाचा थोडाच असतो."

"आणि निकाल? कोण जिंकलं?"

"ते ऑफिसात ठरायचं, ऑफिसात विचारा. आमच्या वडिलांनी कधी लिहिलं का, की यात्रेकरूची बायकोशी भांडणं होती? कोण आलं होतं ते लिहायचं. बस."

मी पुण्याची. वाद घातलाच. परीक्षा म्हणून यादीतली तीन नावं विचारली. त्यांनी प्रत्येकाचं गाव विचारलं, डोळे मिटले आणि हात लांब करून कपाटातून तीन टेपा काढल्या. तिन्ही बरोबर. त्यानंतर मी लॅपटॉप मिटला आणि वहीच्या हिशेबाने मोजायला लागले. काम दुप्पट वेगाने झालं, हे कबूल केलं पाहिजे.

टेपांच्या प्रत्येक डब्यात एक लहान पुरचुंडी होती. मला वाटलं, काहीतरी तोडगा. सोडून पाहिली तर भाजलेले तांदूळ.

"सीलन पकडतात, ओल," काका म्हणाले. "नदी दरसाल गल्लीत येते. तांदूळ नसते तर तुम्हाला इथे बुरशी विकत घ्यावी लागली असती."

मला हसू आलं. मग सगळ्यात वरच्या फळीवरचा एक डबा काढला. त्याची पुरचुंडी हलकी होती. त्यात काळे तीळ होते.

"आणि हे?"

"हे सीलनसाठी नाही," एवढंच म्हणून त्यांनी डबा माझ्या हातातून हळूच घेतला आणि परत जागेवर ठेवला. त्या फळीवर तसे सतरा डबे होते. मी मोजले, कारण मोजायलाच आले होते. नंतरचा तासभर मात्र माझी त्या फळीकडे पाठ होणार नाही अशाच बेताने मी बसत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी जेवायला नेलं. वहिनींनी साधं वरण आणि मटार घातलेले पोहे एकाच ताटात वाढले. दोघांत उपासावरून बोलणं चाललं होतं आणि काका मला म्हणाले, "आमच्याकडे मोठी मौज असते, ताई. ह्या इथल्या लोकांचा महिना पुनवेनंतर बदलतो, आपला अवसेनंतर. म्हणून शुद्ध पक्षात सगळे एकत्र असतो आणि वद्य पक्षात एका महिन्याची फारकत. ह्यांचा मार्गशीर्ष लागलेला असतो तेव्हा आपल्या घरात अजून कार्तिक." वहिनी म्हणाल्या, "घरात आपला महिना, दारात ह्यांचा. असं आमचं चालतं." मी मान डोलावली आणि आणखी पोहे घेतले. तेव्हा नीट ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

जेवण झाल्यावर काका म्हणाले, "आज गोदामात काम नको. आज लल्लनची तिथी आहे. तुम्हाला बसायचं तर बसा, पण मग माझ्यासारखं बसावं लागेल."

गोदामात गेल्यावर त्यांनी हातपाय धुतले, तिळांचा एक डबा काढला, टेप यंत्रात घातली. जुना टीव्ही सुरू केला आणि त्याच्याकडे पाठ करून पाटावर बसले. मलाही शेजारी तसंच बसवलं.

"बघायचं नाही?"

"जेवणाऱ्याकडे बघू नये, ताई. घरी शिकवलं असेल की."

भर दुपार होती. दारातून उन्हाचा पट्टा आत आला होता, गल्लीत कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. पाठीमागे कुस्ती चालू झाली. कॅनव्हासवर आपटणारी अंगं, लोकांचा गलका, मधूनच एका बाईचा आवाज. काका हलक्या आवाजात सांगत होते, आणि ते सांगणं मी जवळजवळ तसंच लिहिते आहे.

लल्लन हा हरणारा पैलवान होता. कंपनीला असा एक लागतोच, ज्याला आपटून बाकीचे मोठे होतात. प्रत्येक कुस्तीत तो पडायचा आणि छान पडायचा. मग एकदा त्याच्याच गावात खेळ लागला. आई पहिल्या रांगेत बसली होती. तिने लेकाची कुस्ती कधी पाहिली नव्हती. लल्लन ऑफिसात गेला, एकदा जिंकू द्या म्हणाला. ऑफिसने नाही म्हटलं. मग तो काकांच्या टेबलापाशी येऊन वाकून म्हणाला, "ए गुरू, आज घंटी तनी देर से बजइहा. हम उठ जाइब." आज जरा उशिरा वाजवा, मी उठतो.

"मग?"

"मग काय. पंचाने तीनदा जमिनीवर हात मारला आणि मी वाजवली. वेळेवर. माझी नोकरी होती. आईने तोंडावर पदर घेतला, ते मी बघितलं. लल्लन नुसता हसला. दोन-तीन महिन्यांत काविळीने गेला. आई त्याच्या आधीच गेली होती. पुढेमागे कोणी नाही. वरच्या फळीवर सगळे असेच आहेत, ज्यांचं करणारं कोणी नाही असे. सोळा जणांची टेप लावतो, वाजायची तेव्हा घंटी वाजते, झालं. लल्लनची तशी नाही."

तेवढ्यात मागे पंचाचा हात जमिनीवर पडायला लागला. एक. दोन. तीन.

घंटा वाजली नाही.

लोकांचा गलका हळूहळू विरला. टेपेची सरसर ऐकू येत होती आणि तिच्यात कोणाचा तरी धाप लागल्यासारखा श्वास. मला वळून बघायचं होतं आणि वळायचं धाडस नव्हतं. शेजारी काका मांडीवर हात ठेवून, डोळे उघडे ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होते. किती वेळ गेला कोण जाणे, उन्हाचा पट्टा माझ्या पायावरून पाटापर्यंत सरकला होता. मग त्यांनी न वळता हात मागे नेला आणि यंत्र बंद केलं.

"यंदाही नाही उठला," ते म्हणाले. "दरसाल बसतो मी. म्हणतो, आज मी वाजवत नाही बाबा, तू उठ. पण विश्वास कसा बसेल त्याचा? एकदा वाजवलीच ना मी."

दुसऱ्या दिवशी काका नसताना मी ती टेप लावून, टीव्हीसमोर नाक नेऊन बघितली. लल्लन पडला, पंचाने तीनदा हात मारला, पाठमोऱ्या माणसाने हातोडी उचलली, तीन टोले ठणठणीत वाजले. यंत्र जुनं आहे, आवाज गेला असेल, असं मी स्वतःला बजावलं. डबा जागेवर ठेवताना तीळ सांडले ते एकेक वेचून परत भरले. तेही केवळ व्यवस्थितपणा म्हणून.

निघायच्या आदल्या दिवशी काकांनी करार वाचायला मागितला. इंग्रजी कागद त्यांनी बोट ठेवून ठेवून वाचला आणि एका ओळीपाशी थांबले. माल सर्व बोजांपासून आणि जबाबदाऱ्यांपासून मुक्त असा खरेदीदाराला मिळेल, असं तिथे लिहिलं होतं.

"म्हणजे टेपा तुमच्या आणि तिथी कोणाच्या?"

मी समजावलं, की असं प्रत्येक करारात असतं.

"आमच्याकडे उलट आहे," ते म्हणाले. "वही जो घेतो त्याने वहीतली माणसं घेतली. वही घ्यायची आणि माणसं नाही, असं होत नाही. फार नाही मागत. शेवटच्या पानावर तुमच्या हाताने लिहा, की घेतलं."

वाचणाऱ्याला इथे माझा राग आला तर येऊ दे, मलाही येतो. मी म्हटलं, कंपनीच्या वतीने असं काही लिहून देता येणार नाही. पुढे आणखी म्हटलं, की टेपा पुण्याला गोदामात जातील, कोणती केव्हा निघेल सांगता येत नाही. हे सगळं मी गोड आवाजात म्हटलं. ते ऐकत राहिले. वाद घातला नाही, त्याचाच त्रास झाला.

"बरं, सतरा राहू द्या," शेवटी म्हणाले. "सोळांचं मी घरी बसून नाव घेईन, पाणी सोडीन. त्यांना तेवढं चालेल. लल्लनला टेपच लागते. एकाचं घेता का? कंपनीने नको. तुम्ही."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर निघायची घाई होती म्हणून म्हटलं. त्यांनी वहीच्या कोपऱ्यातून चिठोरं फाडून त्यावर शाईने लिहून दिलं: लल्लन, मार्गशीर्ष वद्य दशमी, दुपारी. ते मी पाकिटात ठेवलं. मालाच्या यादीत 'घंटा पितळी एक, हातोडीसह' असं होतं. ती त्यांनी स्वतःच्या उपरण्याने पुसून खोक्यात ठेवली आणि वही तिच्यावर ठेवली.

गल्लीत टेंपो येणं शक्यच नव्हतं. शिंदे घाटावरून नावेत खोकी भरली. तिथे ते अर्धं पाण्यात गेलेलं, एका अंगाला कललेलं देऊळ आहे, त्याच्या शेजारून नाव निघाली. काका पोचवायला आले नव्हते. धुकं होतं. नाव राजघाटाकडे जाताना बालाजी घाटासमोरून गेली, तेव्हा वरच्या पायरीवर करडा स्वेटर दिसला, नदीकडे पाठ करून बसलेला. मी हाक मारणार होते. नाववाला म्हणाला, "मत बुलाइए. गुरू ने सौंप दिया है." अस्थी पाण्यात सोडल्या की मागे वळून बघायचं नसतं, एवढं मलाही माहीत होतं. पाठ धुक्यात गेली तोवर मी बघत राहिले.

पुढे ऑफिसात नेहमीचंच झालं. टेपा गोदामात पडून राहिल्या, वर्ष सरत आलं. नवं कॅलेंडर आलं त्याच दिवशी मी चिठोरं काढून मार्गशीर्ष वद्य दशमीला खूण केली होती. इंग्रजी तारखा दरवर्षी सरकतात, म्हणून शंका आली नाही. काकांना फोन करायचाही दोन-तीनदा विचार केला. केला नाही.

त्या खुणेला अजून महिना होता तेव्हाची गोष्ट. टेपा संगणकावर चढवणारे आमचे जोशी दुपारी माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, एका टेपेला शेवटच नाहीये. पंधरा मिनिटं झाली, पैलवान पडलाय तो पडलाय. टेप तर कधीच संपायला हवी होती."

मी खोलीत गेले. पडद्यावर लल्लन कॅनव्हासवर उताणा होता. दुसरा पैलवान, पंच, लोक, सगळे नुसते उभे होते. चित्र गोठलेलं नव्हतं. लल्लनची छाती वरखाली होत होती. डाव्या कोपऱ्याशी टेबल होतं, घंटा होती. खुर्ची रिकामी होती.

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. कार्तिक वद्य दशमी. आणि मटार घातलेल्या पोह्यांची चव तोंडात आली. काकांनी 'वद्य' हा शब्द आपला लिहिला होता आणि महिना बनारसवाल्यांचा. लल्लन दारातला माणूस, त्याची तिथी दारातल्या रीतीने. ती आज होती.

मी तिथूनच काशीला फोन लावला. वहिनींनी उचलला. "धुंडीभाऊजी ना? ते गेले की ताई. तीन आठवडे होतील. झोपेतच गेले." त्या पुढे म्हणाल्या, "आदल्या दिवशी बोलत होते, सोळांचं पुतण्यांना सांगून ठेवलंय. लल्लनची फिकर नाही. तो पुण्याच्या ताईंकडे आहे."

मला रडू आलं. जोशींसमोर आलं, आणि त्याची लाज वाटली नाही. त्यांना मी चहाला पाठवलं. कपाटातून ते खोकं काढलं, वही उघडून शेवटच्या पानावर 'घेतलं' असं लिहिलं आणि खाली माझं नाव घातलं. मग घंटा मांडीवर घेतली, हातोडी मुठीत घट्ट धरली आणि खुर्ची फिरवून पडद्याकडे पाठ करून बसले.

मी वाजवणार नव्हते. संध्याकाळ झाली तरी वाजवणार नव्हते. ते मी मोठ्याने सांगितलंही, कोणाला ते माहीत नाही.

बराच वेळ नुसता तो श्वास येत होता. मग एक बाई म्हणाली, "उठ बबुआ." कॅनव्हास करकरला. कोणीतरी हात टेकला, गुडघा टेकला. पाय जमिनीवर उभे राहिल्याचा जड आवाज आला आणि त्यामागून लोकांचा असा गलका उठला, की कानाला दडे बसावेत. मी वळले नाही. समोर खिडकीची काच होती. तिच्यात पडदा लहानसा, उलटा दिसत होता. जेवणाऱ्याकडे बघू नये म्हणून मी फक्त कोपऱ्यातली खुर्ची बघितली.

करडा स्वेटर, उपरणं, बोटभर शेंडी. त्यांची माझ्याकडे पाठ होती, माझी त्यांच्याकडे.

हातोडी माझ्या मुठीत होती. मागे तीन टोले पडले.

उशिरा.